मेंदूच्या इजेवर संशोधन: सुरुवात कुठून करायची?

मेंदूच्या इजेवर संशोधन करायचं ठरवलंस, अभिनंदन! सगळं एकदम शिकायला जाऊ नकोस. एकच प्रश्न धर.

आधी आकड्यामागचा पेशंट बघायला शीक. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजायचं माप, १९७४ सालचं, गुण ३ ते १५. नवखे नुसती बेरीज उतरवून घेतात. डोळे, बोलणं, हालचाल यांचे गुण वेगवेगळे लिही. घशात नळी असलेला पेशंट बोलणार कसा? त्याची बेरीज फसवी. (माझा वर्षभराचा डेटा असाच वाया गेलाय.)

नेहमीच्या चुका:
- डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल, म्हणजे इजा नाही असं धरणं.
- उंदरावरचा निकाल थेट माणसाला लावणं. उंदराचा मेंदू गुळगुळीत असतो, आपल्यासारख्या घड्या नसतात.

स्टॅटिस्टिक्सवाल्याला आणि फिजिओथेरपिस्टला डेटा गोळा करण्याआधी भेट, नंतर नव्हे. मशीन लर्निंगचं पुढच्या वर्षी बघू.