वाचकांचे प्रश्न : स्वमग्न मुलगी आणि पहिली पाळी

या अंकासाठी स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलींच्या पालकांची तीन पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची असून तिला स्वमग्नता आहे. ती दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलते. गेल्या महिन्यात शाळेत तिची पाळी सुरू झाली. ती रडली नाही, उलट हसत होती, असे तिच्या बाईंनी सांगितले. घरी आल्यावर मात्र "लागलं, लागलं" म्हणत तिने मलमपट्टीचा डबा काढला. पॅड लावले की ती ओढून काढत होती. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातच्या सुमारास ती किंचाळायची आणि स्वतःच्या मनगटाला चावायची. आमच्याकडे पाळीत देवघरात जात नाहीत. रोज दिवेलागणीला आजीबरोबर घंटा वाजवण्याचे काम तिचे असते, ते आम्ही चार दिवस बंद ठेवले. सासूबाई म्हणतात की तिला यातले काही कळत नाही. नणंदेचे म्हणणे असे की दर महिन्याला हा त्रास नको, पिशवीच काढून टाकावी. माझ्या मुलीला नेमके काय वाटत असेल?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : शाळेतले ते हसणे आनंदाचे किंवा बेफिकिरीचे होते असे समजू नका. अनेक स्वमग्न मुलांच्या मनातली भावना चेहऱ्यावर आपल्या अपेक्षेप्रमाणे उमटत नाही. घाबरलेले मूल हसू शकते आणि फार घाबरलेले मूल अगदी गप्प होऊ शकते. छातीत धडधडणे, ओटीपोटात कळ येणे, मळमळणे या आतल्या जाणिवा ओळखून त्यांना 'भीती' किंवा 'दुखणे' असे नाव देणेही यांतल्या अनेकींना अवघड जाते. त्यामुळे विचारल्यावर उत्तर आले नाही, म्हणजे आत काहीच घडले नाही, असा अर्थ होत नाही.

सासूबाईंचे म्हणणे मला पटत नाही. तुमच्या मुलीला कळले, आणि जे कळले ते तिने सांगितलेही. तिच्या आजवरच्या अनुभवात रक्त म्हणजे जखम आणि जखम म्हणजे पट्टी, म्हणून तिने डबा काढला. कुठे लागले ते दिसत नाही आणि रक्त तर थांबत नाही, अशा वेळी कोणीही घाबरले असते. तिला एकच उत्तर, घरातल्या सगळ्यांनी त्याच शब्दांत द्यावे : "हे लागलेलं नाही. हे पाळीचं रक्त आहे. काही दिवसांनी थांबतं." तिला चित्रे वाचता येत असतील तर याची तीन चित्रकार्डे करा. कावळा शिवला, अडचण आली, बाहेरची आहे असे आडवळणाचे शब्द तिच्यासमोर वापरू नका; ती कावळा शोधायला खिडकीशी जाईल.

पॅड ओढून काढण्यामागे हट्ट नसून स्पर्श असण्याची शक्यता अधिक आहे. प्लॅस्टिकच्या कडा मांडीला घासतात, चालताना बारीक आवाज येतो, काही पॅडना सुगंध लावलेला असतो आणि ओलेपणा सतत जाणवत राहतो. हे तुम्हा-आम्हाला फारसे जाणवत नाही, पण कपड्याची शिवण टोचते म्हणून अंगातला झगा काढून टाकणाऱ्या मुलीला ते असह्य होऊ शकते. बिनसुगंधी पॅड, मऊ सुती कापडी पॅड, पाळीसाठी मिळणारी शोषक निकर असे पर्याय तिच्या हाती द्या आणि निवड तिला करू द्या. सराव पाळी नसतानाच्या दिवसांत करा : तिच्या आवडीच्या कामाच्या वेळी आधी दहा मिनिटे, मग अर्धा तास. निकरीच्या आतल्या बाजूला पॅडच्या आकाराची रेघ मार्करने आखून ठेवली की कुठे चिकटवायचे ते तिला दिसते. पॅडवर बीटाच्या रसाचे थेंब टाकून 'डाग पडला, आता बदलायचे' हेही दाखवता येते.

आता संध्याकाळच्या किंचाळण्याविषयी. तुमचे पत्र मी पुन्हा वाचले तेव्हा सात ही वेळ डोळ्यांत भरली, कारण तुमच्या घरी दिवेलागणीची आणि घंटेची वेळही तीच आहे. रक्तस्राव दिवसभर होता, पॅड दिवसभर होते, आणि उद्रेक मात्र एकाच वेळेला झाला. स्वमग्न मुलीला दिवसाच्या ठरलेल्या क्रमाचा फार मोठा आधार असतो. काय चालले आहे हे समजेनासे झाले की ती त्या क्रमाला अधिकच घट्ट धरते. शरीरात काहीतरी अनाकलनीय घडत असताना नेमके तेव्हाच तिच्या हातातली घंटा काढून घेतली गेली, आणि त्याचे कारण तिला दिसण्यासारखे नव्हते. तिच्या दृष्टीने 'रक्त आले म्हणून घंटा गेली' एवढेच उरले. पाळीशी तिने जोडलेली पहिली भावना शिक्षेची असावी, याचे मला फार वाईट वाटते. पुढच्या महिन्यात घंटा तिच्या हातात राहू द्या. सासूबाईंची श्रद्धा दुखवायची नसेल तर घंटा देवघराच्या बाहेर, पण त्याच वेळी आणि आजीच्याच सोबतीने वाजवता येईल. माझे स्वतःचे मत विचाराल, तर अकरा वर्षांच्या मुलीला देवघराबाहेर ठेवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

तरीही वेदनेची शक्यता सोडून देऊ नका. मनगटाला चावणे हे पोटदुखी सांगण्याचे तिचे साधन असू शकते. पुढच्या तीन पाळ्यांत झोप, जेवण, चावणे, किंचाळणे यांच्या वेळा वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. वेदनाशामक केव्हा व किती द्यायचे ते त्या नोंदींवरून ठरवता येईल. गरम पाण्याची पिशवी द्यायची असेल तर आधी स्वतःच्या हाताला लावून पाहा, कारण चटका बसला तरी ती ते सांगेलच असे नाही.

पिशवी काढण्याच्या सल्ल्याला माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद म्हणून नोंदवलेल्या काही स्त्रियांवर १९९४ साली पुण्यात अशाच शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा महिला संघटनांनी त्याविरुद्ध उठवलेला आवाज देशभर पोहोचला. स्वच्छता राखणे सोपे जावे, हेच कारण तेव्हाही पुढे केले गेले होते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम १० नुसार वंध्यत्व आणणारा कोणताही वैद्यकीय उपाय त्या व्यक्तीच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. रक्तस्राव फार असेल किंवा त्रास आवरत नसेल, तर संप्रेरकांचे, नंतर थांबवता येणारे उपचार स्त्रीरोगतज्ज्ञ सुचवू शकतात. नणंदेला तुमची काळजी वाटत असेल हे मी समजू शकते, पण पिशवी काढल्याने मुलीची भीती, तिला टोचणारी शिवण आणि न सांगता येणारे दुखणे यांपैकी काहीच जात नाही.

प्रश्न : आमची १३ वर्षांची मुलगी नेहमीच्या शाळेत शिकते, उत्तम बोलते, गणितात हुशार आहे. तिच्या स्वमग्नतेचे निदान दोन वर्षांपूर्वी झाले. पाळीची सगळी माहिती तिने पुस्तकात वाचली होती. पहिली पाळी आली तेव्हा आत्याने पेढे आणले, ओटी भरली, "आता तू मोठी झालीस" म्हणून कौतुक केले. त्यानंतर तिने खेळण्यातले प्राणी कपाटात बंद केले. "मला मोठं व्हायचं नाही" असे म्हणत रात्री रडते. माझे लग्न कधी आहे, असे रोज विचारते. सगळे ठाऊक असताना असे का व्हावे?
— आई-बाबा, पुणे

उत्तर : पुस्तकात गर्भाशयाची आकृती असते, स्वतःच्या शरीरात काय जाणवेल आणि घरातली माणसे आपल्याशी कशी वागू लागतील, हे त्यात नसते. तुमच्या मुलीला धक्का बसला तो दुसऱ्या भागाचा. आत्याचे वाक्य तिने अक्षरशः घेतले : मोठी माणसे खेळण्यांशी खेळत नाहीत, मोठ्या मुलींची लग्ने होतात, म्हणून प्राणी कपाटात आणि लग्नाची तारीख विचारणे. तिचा तर्क चोख आहे, त्याची सुरुवात तेवढी चुकीच्या वाक्यापासून झाली आहे.

तिची समजूत मोघम शब्दांत घालू नका. "तसं काही नसतं गं" या वाक्यातून तिला काहीच मिळत नाही. कागद घेऊन तिच्याबरोबर बसा आणि काय बदलले व काय बदललेले नाही ते लिहून काढा. महिन्यातले काही दिवस पॅड लागेल, हे बदलले. प्राणी तिचेच आहेत आणि हवे तितकी वर्षे ती त्यांच्याशी खेळू शकते, झोपायची जागा तीच, बाबांच्या शेजारी बसणे तेच, आणि लग्न कायद्याने १८ वर्षांच्या आधी होऊच शकत नाही आणि त्यानंतरही ते तिच्या इच्छेशिवाय होणार नाही. शेवटचे वाक्य तुम्ही दोघांनी मनापासून म्हणावे, कारण ते ती लक्षात ठेवील आणि पुढे त्याचा दाखला देईल.

ओटी आणि पेढ्यांमागे माया होती, पण आपल्या शरीराची बातमी आपल्याला न विचारता घरभर झाली, हेही तिला खुपले असण्याचा संभव आहे. यापुढे ही गोष्ट कोणाला सांगायची ते तिला ठरवू द्या.

ब्रिटनमधील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत स्वमग्न स्त्रियांनी असे सांगितले होते की पाळीच्या काळात आवाज, स्पर्श, वास अधिक बोचू लागतात आणि भावना आवरणे जास्त कठीण होते. तेव्हा त्या दिवसांत शिकवणी, पाहुणे, बाजार हे सारे जरा कमी करा. शरीर आपले वाटत नाही असे ती म्हणू लागली, तर वाद न घालता ऐकून घ्या. खाणे-झोपणे बिघडले, ती स्वतःला इजा करू लागली किंवा जगणे नको असे बोलली, तर वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

प्रश्न : माझी पत्नी हयात नाही. मुलगी साडेनऊ वर्षांची, स्वमग्न आहे, आणि तिच्या छातीला उभार येऊ लागला आहे. तिला हे सर्व कोणी आणि केव्हा सांगावे? वडिलांनी सांगितलेले चालेल का?
— एक वडील, नांदेड

उत्तर : अवश्य चालेल. तिच्या रोजच्या आंघोळीची, कपड्यांची, औषधांची काळजी तुम्ही घेत असाल तर तुम्हीच सांगावे. फार ओळख नसलेल्या नातेवाईक बाईंना या एका कामासाठी बोलावले, तर ती आणखी गोंधळेल. आत्या किंवा मावशी नेहमीच्या सहवासातली असेल तर पॅड लावून दाखवण्यासाठी तिची मदत घ्या, आणि आपण कोणते शब्द वापरतो ते तिला आधी सांगून ठेवा.

सुरुवात आताच करा. छातीला उभार येऊ लागल्यावर साधारणपणे दोन-अडीच वर्षांत पाळी येते, म्हणजे हातात वेळ आहे, पण फार नाही. अमेरिकेतील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी स्वमग्न मुलांसाठी छोट्या, खऱ्या, चित्रांच्या गोष्टींची जी पद्धत रूढ केली ती येथे उपयोगी पडते : तिचेच नाव, तिच्याच घराचे न्हाणीघर, तिचीच निकर, आणि पाच-सहा सरळ वाक्ये. एक काळजी मात्र घ्या. "बरोबर २८ दिवसांनी येईल" असे लिहू नका. पहिली दोन-तीन वर्षे पाळीचे अंतर २१ ते ४५ दिवस असे मागेपुढे होते, आणि ठरलेल्या दिवशी ती आली नाही तर तारखांवर विसंबणाऱ्या मुलीचा तुमच्यावरचा विश्वास उडेल. "कधी येईल ते आधी नक्की कळत नाही, आली की बाबांना किंवा बाईंना सांगायचं" हे वाक्य खरे आहे, तेच लिहा.

शाळेच्या दप्तरात सुटी निकर, पॅड आणि वर्गशिक्षिकेला दाखवायचे एक कार्ड ठेवा. तिला फिट्सचे औषध चालू असेल, किंवा वर्तनासाठी रिस्पेरिडोनसारखे औषध दिले जात असेल, तर पाळीचे वय जवळ आल्याचे डॉक्टरांना आताच सांगा, कारण यांतल्या काही औषधांमुळे पाळी अनियमित होते आणि काही मुलींना फिट्सही पाळीच्या सुमारास वाढतात. पॅड दर तासाला पूर्ण भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालत असेल, किंवा १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. जाण्याआधी त्या दवाखान्याचे आणि तपासणीच्या खोलीचे फोटो मागवून मुलीला दाखवता आले तर फार बरे.