सायकलवाल्यांचे प्रश्न: पट्टे मारलेला ट्रॅक, ई-सायकलचं लायसन आणि अपघाताची भरपाई

या वेळी सायकलबद्दल इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळे घेणं जमत नाही. जास्त लोकांच्या कामाला येतील असे निवडलेत. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, कंपनी कामगार): सर, मी छावणीकडून वाळूजला रोज सायकलवर जायलोय, सेकंड शिफ्ट असली की रात्री उशिरा परत. काही वर्षांमागं शहरात सायकल ट्रॅकचं लई बोलणं चाललं होतं, पांढरे पट्टे पण मारले, आता त्याच पट्ट्यावर गाड्या लागतात. ती योजना बंद झाली का? आमच्यासारख्यांसाठी काही होणार का नाही?

उत्तर: दादा, तुमचा प्रश्न मुद्दाम पहिला घेतला. ते सगळं बोलणं सुरू झालं २०२० मध्ये. पहिला लॉकडाऊन उठत होता, बसला गर्दी नको, लोक सायकलकडं वळायले होते, तेव्हा जूनमध्ये केंद्राच्या गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयानं स्मार्ट सिटी मिशनमधून 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' नावाचं चॅलेंज काढलं. शंभरावर शहरांनी नाव नोंदवलं. आधी रंग मारून, ट्रॅफिकचे प्लास्टिकचे शंकू ठेवून तात्पुरता ट्रॅक करायचा, लोक वापरतात का बघायचं, चुका कळल्या की दुरुस्त करायच्या आणि मग पक्कं काम करायचं अशी त्याची पद्धत होती, आणि पद्धत चांगलीच होती. २०२१ मध्ये त्यातली ११ शहरं निवडून प्रत्येकी १ कोटी जाहीर झाले, त्यात महाराष्ट्रातली दोन, नागपूर आणि पिंपरी-चिंचवड. मराठवाड्यातून स्मार्ट सिटीत शहर होतं एकच, तेव्हाचं औरंगाबाद. नांदेड, लातूर, परभणी, जालना त्या मिशनमध्ये नव्हतेच. आणि ते मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं, त्यामुळं त्या पैशाची वाट बघण्यात आता अर्थ नाही, इथून पुढं जे व्हायचं ते महानगरपालिकेच्या नाहीतर राज्याच्या बजेटमधून.

पण तुमच्या हातात एक गोष्ट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. रस्ते कसे बांधायचे याचे नियम इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते, त्यात सायकल ट्रॅकसाठी वेगळं पुस्तक आहे, आयआरसी ११. त्याचा जुना निकष असा की गर्दीच्या तासाला रस्त्यावरून १०० ते २०० मोटारवाहनं जात असतील तर ४०० सायकली असल्यावर वेगळा ट्रॅक करावा, पण मोटारवाहनं तासाला २०० च्या वर असतील तर नुसत्या १०० सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक योग्य ठरतो. वाळूजच्या रोडवर तासाला २०० गाड्या म्हणजे काहीच नाही हो! म्हणजे तुम्हाला सिद्ध करायचंय ते एवढंच, की शिफ्ट सुटायच्या तासात तिथून १०० सायकली जातात.

तर मोजा. दोघं-तिघं मिळून, शिफ्ट बदलायच्या वेळी, एका ठरलेल्या चौकात एक तास उभं राहायचं, जाणारे वेगळे, येणारे वेगळे, वहीत रेघा मारायच्या, बाई-माणूस-शाळकरी पोरं असं वेगळं लिहिता आलं तर उत्तमच. तीन-चार वेगवेगळ्या दिवशी करा, एक दिवस पावसाळी धरा, एक आठवडी बाजाराचा. व्हिडिओ पण काढून ठेवा, वेळ दिसेल असा. हा कागद हातात असला की बोलणं बदलतं, कारण इतके दिवस 'आता सायकल कोण चालवतंय' हे एकच उत्तर मिळतंय आणि ते कुणी मोजून दिलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत बघा, शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्यांत देशात साधारण १३ टक्के लोक सायकलवर जात होते. ही माणसं रॅलीत दिसत नाहीत, टी-शर्ट घालून फोटोत येत नाहीत, कॅरिअरला डबा अडकवून गुपचूप कामाला जातात, म्हणून शहराच्या कार्यक्रमात ती मोजलीच जात नाहीत. रविवारी सकाळी निघणाऱ्या ग्रुपांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांच्यामुळंच सायकल परत चर्चेत आली, पण ट्रॅक ठरवताना रात्री शिफ्टवरून येणाऱ्याचा रस्ता आधी बघितला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

अर्ज कुठं द्यायचा ते पण सांगतो. आधी रस्ता कुणाचा ते काढा, एकच रस्ता थोडा मनपाचा, थोडा एमआयडीसीचा, थोडा बांधकाम खात्याचा नाहीतर महामार्गाचा असतो आणि चुकीच्या ऑफिसात दिलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून लेखी विचारता येतं. मग लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी समोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज १५ दिवस आधी दोन प्रतींत द्यावा लागतो, नाहीतर त्या दिवशी घेत नाहीत. मनपाचं बजेट मार्चच्या आसपास होतं, म्हणून हे सगळं दिवाळीनंतर लगेच सुरू करा. आणि मागताना 'ट्रॅक पाहिजे' एवढंच लिहू नका. किमान २ मीटर रुंद, गाडी चढणार नाही असा उंच कड असलेला, आणि रात्री दिवे असलेला असं लिहा. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यावर पार्किंग होतं, ते तर तुम्ही बघायलाच.

प्रश्न (नांदेड, एक मुलगी): माझे वडील सायकलवर भाजी घेऊन जातात. मागच्या महिन्यात पहाटे एका पिकअपनं धडक दिली आणि न थांबता निघून गेला, पायाचं हाड मोडलंय. सगळे म्हणायलेत सायकलला विमा नसतो, काही मिळत नाही. खरंय का?

उत्तर: नाही ताई, अजिबात खरं नाही, आणि या गैरसमजामुळं कितीतरी घरं हक्काचे पैसे सोडून देतात. सायकलला विमा लागतच नाही, भरपाई धडक देणाऱ्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळते. तुमच्या वडिलांकडं लायसन होतं का, विमा होता का हा प्रश्नच येत नाही.

गाडी सापडली नाही तर तो 'हिट अँड रन' झाला, त्याला वेगळी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून त्यात मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. हाड मोडणं हे गंभीर दुखापतीत धरतात. अर्ज जिथं अपघात झाला त्या तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडं करायचा, तहसीलला किंवा प्रांत ऑफिसला गेलात तर नेमकं टेबल कळेल. सोबत एफआयआरची प्रत, दवाखान्याची कागदपत्रं, एक्स-रेचा रिपोर्ट, आधार आणि बँक पासबुक. एफआयआर झाली नसेल तर आजच करा, पिकअपचा नंबर माहीत नसला तरी 'अज्ञात वाहन' म्हणून होते. त्या रस्त्यावरच्या दुकानांचे, पेट्रोल पंपाचे कॅमेरे पोलिसांना लगेच बघायला सांगा, फुटेज फार दिवस राहत नाही.

आणि उद्या गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं, तिथं भरपाई जास्त मिळू शकते, म्हणजे उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढचं अपंगत्व हे सगळं धरतात. कायद्यात त्यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत लिहिलीय, तेव्हा थांबू नका. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, महिलांना तिथं मोफत वकील मिळतो.

सगळ्याच वाचकांसाठी अजून एक. मे २०२५ पासून रस्ता अपघातात जखमी झालेल्याला नोंदणीकृत दवाखान्यात ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना आली आहे. सायकलवाला, पायी चालणारा, सगळ्यांना लागू आहे, फक्त अपघात मोटारगाडीमुळं झालेला पाहिजे. ॲडमिट करतानाच दवाखान्यात विचारायचं. आणि जखमीला नेणाऱ्या माणसाला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, तसं कायद्यातच आहे, तेव्हा कुणी पडलेलं दिसलं तर घाबरून निघून जाऊ नका.

प्रश्न (लातूर, अकरावीचा विद्यार्थी): क्लास औसा रोडला आणि रूम पार दुसऱ्या टोकाला. घरचे ई-सायकल घेऊन द्यायलेत. लायसन लागतं का? दुकानदार म्हणतो स्पीड वाढवून देतो.

उत्तर: मोटर २५० वॅटच्या आत आणि स्पीड ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, आणि त्या मॉडेलला सरकारमान्य टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट असेल, तर ती कायद्यानं मोटारगाडी नाही. लायसन नको, पासिंग नको, विमा नको. सर्टिफिकेटची झेरॉक्स दुकानातून मागून घे, देत नसतील तर दुसरं दुकान बघ.

स्पीड वाढवून घेऊ नकोस मित्रा, हे अगदी मनापासून सांगतो. वाढवली की ती मोटारगाडी झाली, मग पासिंग नाही, विमा नाही, तुझं लायसन नाही, आणि उद्या कुणाला धक्का लागला तर सगळं आईवडिलांवर येतं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय सायकलचे ब्रेक आणि रिम त्या स्पीडसाठी बनवलेलेच नसतात. तुझ्या अंतराला साधी गिअरची सायकल पण पुरते, लातूर शहर तसं सपाट आहे, आधी कुणाची तरी आठवडाभर वापरून बघ आणि मग ठरव.

प्रश्न (परभणी जिल्हा, एक आई): मुलगी आठवीला गेली, शाळा तीन किलोमीटर. मुलींना सायकल मिळते म्हणतात ती कुठून?

उत्तर: ताई, ती मानव विकास कार्यक्रमातून. राज्यातले १२५ तालुके त्यात आहेत, आणि त्याचं आयुक्तालय आपल्याच छत्रपती संभाजीनगरला आहे. आठवी ते बारावीच्या गरजू मुली, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, त्यांना सायकल घ्यायला पैसे बँक खात्यात येतात, २०२२ पासून ती रक्कम ५ हजार आहे. अर्ज शाळेतूनच जातो, म्हणून मुख्याध्यापकांना भेटा आणि आपला तालुका यादीत आहे का ते विचारा. मुलीच्या नावानं बँक खातं आधी उघडून ठेवा. सायकल घेतल्याची पक्की पावती जपून ठेवा, ती शाळेत द्यावी लागते. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, पावतीवर तो बघून घ्या. आणि 'मोठी झाल्यावर चालेल' म्हणून उंच सायकल घेऊ नका, सीटवर बसून पायाचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत.

प्रश्न (धाराशिव, मित्रमंडळ): ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो, रॅली काढायचीय, काही सुचवा.

उत्तर: संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये हा दिवस ठरवला, पण आपल्याकडं जूनच्या सुरुवातीला ऊन अजून उतरलेलं नसतं, म्हणून सहाला निघून आठच्या आत संपवा, पाणी रस्त्यात तीन ठिकाणी ठेवा, पोलीस ठाण्यात आधी पत्र द्या. माझं ऐकाल तर त्याच पैशात अजून एक करा. गावातले दोन-तीन सायकल मिस्त्री त्यांची मजुरी देऊन एका जागी बसवा आणि शाळकरी पोरांच्या, दूधवाल्यांच्या, मजुरांच्या सायकलींना ब्रेक रबर, मागचा लाल रिफ्लेक्टर आणि चेनला तेल फुकट करून द्या. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर त्याची खरी गरज असते.

प्रश्न (नांदेड): देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला सायकल नेता येते का?

उत्तर: येते, पण डब्यात नाही, पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून. तिकिटावरचं फुकट सामानाचं वजन सायकलला धरत नाहीत, वेगळे पैसे पडतात. गाडीच्या बऱ्याच आधी जा, हँडल आणि मागचं डिरेलर (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) पुठ्ठ्यानं बांधा, नाव आणि उतरायचं स्टेशन मोठ्या अक्षरात लिहा. छोट्या स्टेशनावर गाडी दोन मिनिटं थांबते, तिथं सामान उतरेल का ते बुकिंगलाच विचारून घ्या.

प्रश्न (जालना): बाभळीच्या काट्यानं हैराण आहे, पंक्चर काढलं की परत तिथंच होतं.

उत्तर: म्हणजे काटा टायरमध्येच आहे. मिस्त्री घाईत ट्यूबला पॅच मारतो आणि टायर तसाच चढवतो. टायर पूर्ण काढायला सांगा, आतून कापड फिरवा, कापड अडकेल तिथं काटा, पक्कडीनं बाहेरून ओढून काढायचा. वारंवार होत असेल तर टायर आणि ट्यूबच्या मध्ये लायनरची पट्टी टाका, नाहीतर ट्यूबमध्ये पंक्चरचं लिक्विड भरा, पण एकदा भरलं की त्या ट्यूबला पॅच नीट चिकटत नाही, म्हणून मी तरी आधी लायनरच सुचवेन.