शेअर्ड शीट कोणी भरत नाही? आमच्याकडे काय झालं ते सांगतो

भाऊ, तुमची पोस्ट वाचली अन् आमचं रावेरचं ऑफिस डोळ्यासमोर आलं. तुमच्या धुळ्याच्या ऑफिसात सहा महिन्यांपासून शेअर्ड शीट (सगळ्यांनी मिळून ऑनलाइन भरायची) आहे, ट्रेनिंग दोनदा झालं, तरी लोक एक्सेलची फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरवतात, 'फायनल', 'फायनल २', 'नवीन फायनल', आणि हा आळस आहे का असं तुम्ही विचारलंय. आळस नाही हो. शेअर कसं करायचं वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

आमचं केळीचं काम. गाडी भरली की गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, उचल किती दिली, हे सगळं नाना वहीत लिहायचे, तीस वर्षं. २०१९ ला मी गुगल शीट चालू केली (ती २००६ पासून आहे, आपल्याकडे यायला एवढा वेळ लागला) आणि पहिले दोन महिने नाना बागेतूनच, गाडी निघाली की लगेच, मोबाईलवर एका बोटाने भरायचे.

मग मे महिना, कापणी जोरात. एका सकाळी नानांना आदल्या दिवशीच्या तीनच गाड्या दिसल्या, बाकी अकरा गायब. त्यांना वाटलं उडाल्या, म्हणून वहीतून बघून त्या खाली परत टाकल्या. दोन शेतकऱ्यांना पैसे दोनदा गेले, संध्याकाळी हिशेब जुळेना, आणि मी सगळ्यांसमोर, मालक बसलेले असताना, व्हर्जन हिस्टरी उघडली. कोणी कधी काय टाकलं ते त्यात नावानिशी, रंगानिशी दिसतं. नानांचं नाव, सकाळची वेळ. नाना काही बोलले नाहीत, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत राहिले.

रात्री घरी बघितलं तर फिल्टर (हव्या त्याच ओळी दाखवून बाकीच्या लपवणारा) लागलेला, अन् तो माझाच होता. मला एकाच व्यापाऱ्याच्या गाड्या पाहायच्या होत्या. साधा फिल्टर लावला की तो शीट उघडणाऱ्या सगळ्यांनाच लागतो हे मला माहीत नव्हतं. गाड्या तिथंच होत्या, नुसत्या लपलेल्या. दुसऱ्या दिवशी माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेव्हापासून सगळे आधी कागदावर लिहायचे, दोनदा तपासायचे आणि संध्याकाळी सहाला एकदम भरायचे. म्हणजे दुपारी गाडी कुठं आहे हे कळायला परत फोनच. ते नीट व्हायला मला पुढचे दोन सीझन लागले.

म्हणून माझं मत, मी काही आयटीवाला नाही, तुमच्याकडे वेगळंही असेल, पण माणसाला सॉफ्टवेअरची भीती नसते, चूक चारचौघांत दिसायची भीती असते. वहीत खाडाखोड केली तर ती आपल्यापाशीच राहते. हिस्टरी एकट्यात उघडा, आकडा परत आणा, विषय संपवा. आणि फिल्टर व्ह्यू वापरा, तो आपला आपल्यापुरता राहतो. फॉर्म्युल्याचे कॉलम प्रोटेक्ट करून ठेवा.

दुसरं, वरच्या ऑफिसचं. आमच्याकडून ज्या ऑफिसला रोज माहिती जायची, नाव घेत नाही, त्यांना शीटची लिंक दिली तरी जुन्याच नमुन्यात प्रिंट, सही, शिक्का, आणि वर त्याचा फोटो. तीन वेळा जाऊन सांगितलं, 'आमच्याकडे असंच चालतं' एवढंच उत्तर. मग पोरं म्हणणार नाहीत का, एकच काम दोनदा कशाला? जोवर जुना कागद मागणारा कोणी वर बसलाय तोवर खालच्यांना आळशी म्हणू नका, याचा मला अजून राग येतो.

अजून एक, तुमच्या जुन्या फाईली श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर शीटमध्ये टाकल्यावर शेतकऱ्यांच्या नावाच्या जागी वेडीवाकडी अक्षरं येतील. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

आणि तुमच्या ऑफिसात शीट भरणं सगळ्यात आधी कोणी बंद केलं ते बघा. त्यांच्याशी चहाला बसून बोला, साहेबांना सोबत नेऊ नका. काय म्हणाले ते इथं लिहा.