लोखंडाचा खिळा बुडतो, मग लोखंडी जहाज का तरंगतं?

तुम्ही लिहिलंय की ‘जहाजाच्या पोटात हवा असते म्हणून ते तरंगतं’ हे उत्तर लहानपणापासून ऐकत आलात, पण हवा एवढं अवजड लोखंड कसं उचलून धरेल हे काही पटत नाही. तुमची शंका रास्त आहे. हवा इथे काहीच उचलत नाही. जहाजाच्या पोटातली सगळी हवा उपसून टाकता आली आणि तरी पत्रा चेपला नाही, तर जहाज उलट केसभर जास्तच वर येईल, कारण हवेलाही वजन असतं. उचलतं ते बाहेरचं पाणी.

शाळेत मी प्लावक बलाची, म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलतं त्या बलाची, व्याख्या पाठ केली होती आणि गणितंही बरोबर सोडवत होतो. पण पाणी वर का ढकलतं, हे मला खरं उमगलं ते बऱ्याच उशिरा, एका पिशवीचा विचार करताना. तुम्हीही तो करून बघा.

अगदी पातळ प्लॅस्टिकची पिशवी घ्या. तिच्यात एक लिटर पाणी भरा, हवेचा बुडबुडाही राहू देऊ नका आणि तोंड घट्ट बांधा. आता ती पाण्याने भरलेल्या टाकीत मधोमध नेऊन अलगद सोडा. ती खाली जाणार नाही, वरही येणार नाही. सोडाल तिथे राहील. पण आतल्या पाण्याचं वजन तर एक किलो आहे, ते कुठे नाहीसं झालेलं नाही. मग ते कुणी तोलून धरलंय? भोवतालच्या पाण्याशिवाय दुसरं तिथे कुणीच नाही. म्हणजे भोवतालचं पाणी त्या पिशवीला बरोबर एक किलो वजनाइतकं वर रेटतंय.

आता मनातल्या मनात पिशवीचा आकार आहे तसाच ठेवा आणि आतलं पाणी काढून तिथे लोखंड भरा. बाहेरच्या पाण्यासाठी काय बदललं? काहीच नाही. आत काय आहे हे कळण्याचा कुठलाही मार्ग त्याला नाही, त्याचा संबंध येतो तो फक्त बाहेरच्या पृष्ठभागाशी. ते पूर्वीइतकंच, एक किलोइतकंच, वर रेटत राहतं. लोखंड मात्र तेवढ्याच जागेत सुमारे ७.९ किलो भरतं. उरलेले ६.९ किलो तोलायला कुणी नाही, म्हणून ते तळाशी जातं. लोखंडाऐवजी थर्माकोल भरलं, तर तोच एक किलोचा रेटा त्याला उसळी मारून वर आणतो.

फ्लेमिश गणिती सायमन स्टेविनने १५८६ साली साधारण याच वाटेने विचार मांडला होता, आणि मला तो आजही या विषयातला सर्वांत सुंदर युक्तिवाद वाटतो. मूळ नियम अर्थात आर्किमिडीजचा, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला: वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल तिच्यावर वरच्या दिशेने लागतं. (तो आंघोळ करता करता ‘युरेका’ म्हणत धावत सुटल्याची गोष्ट त्याच्या स्वतःच्या उपलब्ध लिखाणात नाही. ती दोनेकशे वर्षांनंतर रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने सांगितली.)

हा रेटा येतो पाण्याच्या दाबातून. जितकं खोल जावं तितका दाब जास्त. १० सेंटीमीटर बाजूचा घन ठोकळा असा बुडवा की त्याचा माथा २० सेंटीमीटर खोल असेल आणि तळ ३० सेंटीमीटर. माथ्यावर पाण्याचा दोन किलोचा भार पडतो, तळावर खालून तीन किलोचा. फरक एक किलोचा, म्हणजे एक लिटर पाण्याचं वजन. तोच ठोकळा दहा मीटर खोल नेला तर दोन्हीकडचे आकडे खूप वाढतील, पण फरक एक किलोच राहील. जास्त खोल गेल्यावर पाणी जास्त जोराने वर ढकलतं, असा समज बऱ्याच जणांचा असतो. ठोकळा दबून लहान होत नसेल, तर तसं होत नाही.

आणि ठोकळ्याच्या खाली पाणीच नसेल तर? मग खालून ढकलायलाही कुणी नाही. भरलेल्या बेसिनचं रबरी बूच उपसताना हाताला जो जोर लावावा लागतो तो यामुळेच: वरून पाणी दाबतंय आणि खाली पाणी नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमचं जहाज. तोच ७.९ किलोचा ठोकळा वितळवून त्याचा २ मिलिमीटर जाडीचा पत्रा केला, तर तो अर्धा चौरस मीटर भरेल. त्यातून ४० सेंटीमीटर बाजूचा चौकोनी तळ आणि सुमारे २१ सेंटीमीटर उंच भिंती असलेली उघडी पेटी बनते. लोखंड तेच, वजन तेच. पण पेटी पाण्यावर ठेवली की जेमतेम पाच सेंटीमीटर बुडेपर्यंतच तिने ७.९ लिटर पाणी बाजूला सारलेलं असतं. रेटा वजनाइतका झाला, पेटी तिथे थांबली. भिंती अजून १६ सेंटीमीटर पाण्याबाहेर आहेत, त्यामुळे ती आणखी २५ किलो माल सहज घेईल. खिळ्याला एवढी जागा अडवताच येत नाही, म्हणून तो बुडतो. ‘घनता कमी असेल तर तरंगतं’ हे वाक्य चूक नाही, फक्त घनता कुणाची ते सांगायचं राहून जातं. ती पत्र्याची घनता नव्हे. पत्रा, माल आणि मधली रिकामी जागा या सगळ्यांची मिळून सरासरी घनता.

पाऱ्यावर तर भरीव खिळाही तरंगतो. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड असतो. (पारा विषारी आहे, हा प्रयोग घरी करू नका.)

घरी करायचाच असेल तर हा करा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. मग पेल्याला कुठेही न टेकवता एक बोट पाण्यात बुडवा. काटा काही ग्रॅम दाखवू लागेल. पाणी बोटाला वर रेटतं, तर बोटही पाण्याला तेवढंच खाली रेटतं. आता दोऱ्याला बांधलेला खडा तळाला न टेकता लोंबकळत बुडवा. आकडा येईल तो खड्याच्या वजनाचा नव्हे, त्याने सारलेल्या पाण्याचा. आकारमान सारखं असलेल्या दोन वेगळ्या वस्तूंनी करून बघा, आकडा तोच येईल. पाण्याला वस्तूची जात कळत नाही, हे मी वर सांगितलं ते तुमच्या डोळ्यांसमोर दिसेल.

याची उलट बाजूही सांगतो, कारण लाकडी जहाजही बुडतं. स्वीडनची ‘वासा’ ही ओक लाकडाची युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्याच सफरीला निघाली आणि दीड किलोमीटरही न जाता बुडाली. वरचा भार जास्त झाला होता. वाऱ्याच्या झोताने ती कलली आणि खालच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांमधून पाणी आत शिरलं. ज्या जागेतून पाणी बाहेर ठेवायचं, तीच जागा पाण्याने भरली. तोफा आणि तळातले भाराचे दगड तोलायला मग नुसतं लाकूड पुरेना.

ती ३२ मीटर खोल चिखलात रुतून बसली. तीनशे वर्षांनंतर गोताखोरांनी तिच्या पोटाखालून सहा बोगदे खणले आणि त्यांतून पोलादी दोर ओवले. वर दोन्ही बाजूंना मोठे पॉन्टून, म्हणजे पोकळ तरंगते तराफे, आणले, त्यांत पाणी भरून ते जवळजवळ पाण्याच्या पातळीपर्यंत खाली आणले आणि दोर ताणून बांधले. मग पॉन्टूनमधलं पाणी पंपाने उपसायला सुरुवात केली, तसा बाहेरच्या पाण्याचा रेटा त्यांना आणि दोरांवरच्या जहाजाला वर ओढू लागला. बेसिनच्या बुचासारखी चिखलाची पकड आधी सुटावी लागली. त्यानंतर १९५९ साली टप्प्याटप्प्याने तिला उथळ पाण्यात आणलं आणि एप्रिल १९६१ मध्ये तिचा लाकडी कठडा पाण्याबाहेर दिसला.