कुंपणाला कामिनी लावावी की गोकर्ण?

प्रश्न : निफाड तालुक्यात आम्ही नुकतेच घर बांधले आहे. पूर्वेला रस्ता असून त्या बाजूला 60 फूट लांबीची तारेची जाळी आहे. पश्चिमेला शेजाऱ्यांची द्राक्षबाग आहे आणि परसात लिंबाची दोन व मोसंबीचे एक झाड आहे. रस्त्यालगत आडोसा हवा म्हणून रोपवाटिकेतून कामिनी सुचवण्यात आली. ती बारमाही हिरवी राहते आणि सुगंधी फुले देते, असे सांगितले. सासूबाईंचे म्हणणे असे की, एवढी जागा आणि पाणी द्यायचे तर खाण्यापिण्याच्या आणि देवपूजेच्याही उपयोगी पडेल असे काही लावावे, म्हणून जाळीवर गोकर्ण चढवावी. तिच्या निळ्या फुलांचा चहाही करता येतो. रस्त्यावरून शेळ्या-मेंढ्यांचे कळप रोज जातात आणि उन्हाळ्यात पाणी बेताचेच असते. यांपैकी काय लावावे?
— एक वाचक भगिनी, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : आपण परसातल्या लिंबा-मोसंबीचा, द्राक्षबागेचा आणि शेळ्यांचा उल्लेख केला नसता, तर मी कामिनी लावा असे एका ओळीत कळवले असते. या तीन गोष्टींमुळे मात्र माझे उत्तर पूर्ण बदलते. आपल्या रस्त्याकडेच्या कुंपणाला कामिनीही लावू नये आणि गोकर्णही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोकर्ण आपल्या घरी जरूर असावी, पण ती कुंपणावर नको, स्वयंपाकघराच्या दाराशी हवी.

आधी कामिनीविषयी. कुंती या नावानेही ओळखले जाणारे हे झुडूप हिरव्या कुंपणासाठी फार गुणी आहे. त्याची पाने गडद, चकचकीत असतात आणि वर्षभर टिकतात. पावसाची चांगली सर पडून गेली की थोड्याच दिवसांत पांढऱ्या फुलांचा बहर येतो आणि त्याचा वास संध्याकाळनंतर दूरवर जातो. पहिले वर्ष-दीड वर्ष वाढ सावकाश असते. पण एकदा मुळे बसली की कात्री उत्तम सोसते आणि पाणीही माफक लागते. दर दीड-दोन फुटांवर एक याप्रमाणे आपल्या 60 फुटांना 30 ते 40 रोपे पुरली असती. फक्त एवढे लक्षात ठेवावे लागते की, सारखी कातरलेली कामिनी फुलत नाही, कारण कळ्या कोवळ्या शेंड्यांवर येतात आणि कात्रीबरोबर त्याच जातात. कोरीव भिंत हवी की सुगंध हवा, हे लावणाऱ्याने आधी ठरवायचे असते.

अडचण आहे ती कामिनीच्या नातेसंबंधांची. कामिनी ही लिंबाच्याच कुळातली आहे आणि लिंबूवर्गीय झाडांवर येणारी सिट्रस सायला ही कीड तिच्यावर अत्यंत आवडीने राहते. तपकिरी, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा हा किडा पानावर बसताना मागचा भाग वर उचलून तिरपा बसतो, त्यावरून तो ओळखता येतो. त्याची मादी अंडी घालते ती नुकत्याच फुटलेल्या, अजून न उलगडलेल्या पालवीत. लिंबाला अशी पालवी वर्षातून ठरावीक वेळा फुटते. कुंपणाची कामिनी मात्र प्रत्येक छाटणीनंतर नवी पालवी काढते. म्हणजे आपण जितक्या निगुतीने कुंपण कातराल, तितकी त्या किडीची सोय होईल आणि तिथे वाढलेली कीड काही पावलांवरच्या मोसंबीवर जाईल.

रस शोषून ही कीड जे नुकसान करते ते एक वेळ आटोक्यात ठेवता येते. खरी भीती ती वाहून नेत असलेल्या सिट्रस ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाची आहे. त्यात पानाच्या मध्यशिरेच्या दोन बाजूंना एकमेकींशी न जुळणारे पिवळे चट्टे पडतात, फळे लहान, वाकडी आणि कडवट होतात, खालच्या बाजूने हिरवीच राहतात आणि झाड हळूहळू खंगत जाते. लागण झालेले झाड पूर्ण बरे करणारा उपाय नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात हा रोग 2005 मध्ये आढळला. तिथे 2003-04 च्या हंगामात संत्र्यांच्या सुमारे 24 कोटी पेट्या निघाल्या होत्या. 2023-24 मध्ये त्या दोन कोटींच्याही खाली आल्या. वादळांनीही तिथल्या बागांचे मोठे नुकसान केले, पण मुख्य कारण हाच रोग मानला जातो आणि म्हणूनच तिथे लिंबाच्या रोपांबरोबर कामिनीच्या रोपांची ने-आण करण्यावरही निर्बंध आले. भारतात हा रोग नवा नाही. अनेक दशकांपासून तो आपल्या संत्रा-मोसंबीच्या बागांत आहे. घरची तीन झाडे आणि विदर्भातली बाग यांत फरक आहे हे मान्य. पण ज्या घरात मोसंबी फळायची वाट पाहिली जात आहे, त्या घराने किडीसाठी 60 फुटांची पालवी पुरवू नये. कढीपत्ताही याच कुळातला असून ही कीड त्याच्यावरही राहते. परंतु एका झाडाचे शेंडे नियमित खुडून वापरले जातात आणि त्याच्यावर नजरही राहते, म्हणून तो काढून टाकायला मी सांगणार नाही.

आता गोकर्ण. ही बहुवर्षायू वेल आहे, शेंगवर्गीय कुळातली आहे आणि तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे हलक्या जमिनीतही ती खताची फार मागणी करत नाही. बी पेरल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांत फुले सुरू होतात. सासूबाईंची सूचना म्हणूनच उपयोगाच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. फुलांचा निळा रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा असतो आणि आम्लाने तो बदलतो: गरम पाण्यात पाच-सहा फुले टाकली की पाणी गर्द निळे होते आणि लिंबाचे दोन थेंब पिळताच जांभळे होते. थायलंडमध्ये याचे सरबत करतात, मलेशियात या रंगाचा भात करतात आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 मध्ये या फुलांच्या अर्काला काही खाद्यपदार्थांत रंग म्हणून वापरण्यास मान्यता दिली. त्याला स्वतःची चव मात्र जवळजवळ नसते. चहा म्हणून चवीची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल, म्हणून त्यात गवती चहा किंवा आले घालावे.

परंतु कुंपण म्हणून ती उभी राहत नाही. तिला स्वतःचे खोड असे नाही. जाळी जेवढी उंच तेवढी ती. पावसाळ्यात जाळी दिसेनाशी होते हे खरे, पण निफाडची थंडी आपण जाणताच. तापमान खाली उतरले की पाने पिवळी पडतात, वाढ थांबते आणि पुढे उन्हाळ्यात पाणी कमी पडले की वाळक्या काड्यांचे जाळे तेवढे उरते. म्हणजे रस्त्यावरची धूळ सर्वांत जास्त उडते त्याच महिन्यांत आडोसा नाहीसा होतो. शिवाय गोकर्ण हा जनावरांचा उत्तम चारा आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ती मुद्दाम गुरांसाठी पेरली जाते. आपल्या दारावरून रोज जाणारा कळप जाळीबाहेर आलेला एकही शेंडा ठेवणार नाही.

हे सगळे सोसता आले असते तरी एक गोष्ट सोसू नये. रस्त्याकडेच्या फुलांवर वाहनांचा धूर आणि धूळ बसते, तर ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत भुरी आणि केवडा या बुरशीजन्य रोगांसाठी फवारण्या सुरू होतात आणि वाऱ्याबरोबर त्यांचे तुषार आपल्या हद्दीत येतात. गोकर्णाच्या बहराचा मोठा भाग याच काळात येतो. फूल पाण्याखाली धरून हे सगळे निघत नाही. जे पोटात जाणार ते सीमेवर लावू नये, हा नियम मी कुंपणाविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो आहे आणि आपल्या बाबतीत तर त्याला पर्यायच नाही.

तेव्हा रस्त्याच्या बाजूला कोयनेल लावावी. हिला काही ठिकाणी वनजाई म्हणतात. सार्वजनिक बागांत कातरून जिचे हत्ती-घोडे केलेले असतात, तीच ही. पाने कडू असल्यामुळे शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, ती मूळची समुद्रकाठची असल्याने खारट जमीन व पाण्याचा ताण दोन्ही सोसते आणि ती लिंबाच्या कुळातली नाही. ती सुगंधात कामिनीची बरोबरी करणार नाही आणि वाढ जलद असल्यामुळे पावसाळ्यात महिन्या-दीड महिन्याने कातरावी लागेल. एवढी किंमत मोजण्याची तयारी ठेवावी. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या फांद्या एका फुटावर एक अशा शेणखत मिसळलेल्या चरात लावल्या तरी त्या सहज फुटतात, त्यामुळे रोपांचा खर्चही वाचतो. कुंपण गुडघ्याएवढे झाले की शेंडे निर्धास्तपणे छाटावेत. उंची वाढण्याची वाट पाहत बसले तर खालचा भाग कायमचा उघडा राहतो आणि नेमका तिथूनच कुत्री-मांजरे आत शिरतात. कातरताना तळ रुंद आणि माथा किंचित अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते. द्राक्षबागेच्या बाजूलाही हेच कुंपण चालेल आणि फवारणीचे काही तुषार ते अडवेल.

गोकर्णासाठी स्वयंपाकघराच्या दाराजवळची, निदान पाच-सहा तास ऊन येणारी जागा निवडावी आणि तिथे साधा मांडव किंवा जाळीचा तुकडा उभा करावा. चार-पाच वेली घरच्या वापराला भरपूर होतात. बियांचे कवच टणक असते. खरखरीत कागदावर किंचित घासून त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवाव्यात आणि फुगलेल्या तेवढ्या पेराव्यात. फुले सकाळी, पूर्ण उमललेली खुडावीत आणि देठाकडची हिरवी पुष्पकोशाची वाटी काढून टाकावी. शेंगा धरू दिल्या की बहर मंदावतो, म्हणून बियाण्यापुरत्या दोन-चार ठेवून बाकीच्या कोवळ्या असतानाच तोडाव्यात. थंडी संपताना वेल जमिनीपासून फूट-दीड फुटावर छाटली तर पाणी मिळताच ती पुन्हा फुटते. तीन-चार वर्षांनी फुले कमी झाली की नवीन बी पेरणेच बरे.

ज्यांच्या अंगणात आणि आसपास लिंबूवर्गीय झाडे नाहीत, त्यांनी मात्र कामिनीबद्दल मनात किंतु ठेवू नये.

प्रश्न : ठाण्यात आमच्या गॅलरीत कामिनी आणि गोकर्ण दोन्ही कुंड्यांत आहेत. कामिनी कढीपत्त्याच्या कुळातली असल्याने तिची पाने फोडणीत चालतील का? गोकर्णाच्या कोवळ्या शेंगा आणि बिया खाता येतात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कामिनीची पाने फोडणीत घालू नयेत. कूळ एक असले तरी तिच्यात कढीपत्त्याचा स्वाद नाही आणि आपल्याकडे ती खाण्याची रीतही नाही. ती शोभेसाठी आणि सुगंधासाठीच ठेवावी. गोकर्णाचे बी आणि मूळ रेचक आहे, त्यामुळे घरगुती वापर फुलांपुरताच मर्यादित ठेवावा आणि लहान मुलांच्या हाती वाळलेल्या शेंगा लागू देऊ नयेत. फुलेही रोज पातेलेभर उकळून पिण्याची वस्तू नाही. अधूनमधून एखादा कप पुरे. गरोदर स्त्रियांनी आणि नियमित औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावीत. रोपवाटिकेतून फुलावर आलेली वेल आणली असेल तर तिच्यावर कोणती औषधे मारली आहेत हे कळायला मार्ग नसतो, म्हणून त्या वेळची फुले देवाला वाहावीत आणि वेल घरी छाटून घेतल्यावर जो नवा बहर येईल, तो वापरावा.