'डी श्टुर्मफ्लूट' हा जर्मन टीव्हीवरचा पुराचा थरारपट बघावा का? त्याच्याबद्दल प्रेक्षकांची मतं इतकी टोकाची का आहेत?

बघा. दोन्ही भाग बघा, आणि जमलं तर एकट्याने बघू नका.

मतं टोकाची आहेत त्याचं कारण सरळ आहे. विषय 1962 चा हॅम्बुर्गचा पूर, म्हणजे खरी माणसं, खरे मृत्यू; आणि गोष्ट मात्र एका नर्सची, तिच्या होणाऱ्या डॉक्टर नवऱ्याची आणि परत आलेल्या जुन्या प्रियकराची. या भूमिकांत अनुक्रमे नाद्या ऊल, यान योसेफ लीफर्स आणि बेनो फ्यूरमान. पाण्याची दृश्यं चांगली आहेत हे नावं ठेवणारेही कबूल करतात. भांडण आहे ते त्या त्रिकोणावरून. 'इतक्या मोठ्या संकटात प्रेमाचं काय घेऊन बसलात', असं म्हणणारे मला जर्मनीतही भेटले आणि पुण्यात आमच्या घरातही.

पहिला भाग 19 फेब्रुवारी 2006 ला आरटीएलवर लागला, रविवारी रात्री. तेव्हा मी हॅम्बुर्गच्या हार्बुर्ग भागात शिकत होते आणि एका साठीच्या बाईंच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. बाई स्वभावाने तुटक. दीड वर्षात आमचं बोलणं भाडं, कचऱ्याचे डबे आणि जिन्यावरचा बर्फ कोणी काढायचा यापलीकडे गेलं नव्हतं. त्या रविवारी मात्र त्यांनी दार वाजवलं आणि विचारलं, "खाली येऊन बसशील का? आज मला एकटीला बघायचं नाहीये."

आरटीएल खाजगी वाहिनी, त्यामुळे मध्ये मध्ये जाहिराती. पहिली जाहिरात लागली तशी बाईंनी आवाज बंद केला आणि पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "आमच्याकडे आधी जमिनीवरचं लिनोलियम फुगलं." पुढे त्या रात्रीची सगळी हकिगत त्यांनी अशीच सांगितली, जाहिरातींच्या मधल्या वेळात. सिनेमा परत सुरू झाला की गप्प.

त्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. 1943 च्या बॉम्बहल्ल्यात घर गेलं, तेव्हापासून आईवडील हॅम्बुर्गच्या विल्हेल्म्सबुर्ग भागात बागेच्या प्लॉटवरच्या लाकडी खोपटात राहत होते. 'तात्पुरते' म्हणून गेले ते एकोणीस वर्षं तिथेच. शुक्रवारी रात्री वारा भयंकर होता, पण वाऱ्याचं तिथे कोणाला काय! इशारा दिला होता तो उत्तर समुद्राच्या किनाऱ्यासाठी, आणि हॅम्बुर्ग एल्बे नदीवर, समुद्रापासून सुमारे 100 किलोमीटर आत. तो इशारा आपल्यासाठी आहे असं कोणाला वाटलंच नाही. मध्यरात्रीनंतर बांध फुटायला लागले. पाणी नुसतं वरून आलं नाही. बांधावरून सांडलेल्या पाण्याने आतली उतरण भिजून ढासळली आणि मातीचे बांध मागून खचले. जवळपास 60 ठिकाणी.

खोपटात जमिनीखालून पाणी आलं. लिनोलियम पोटासारखं वर आलं, मग कडेने सुटलं. वडिलांनी दोघींना छपरावर चढवलं, अंगावर रात्रीचे कपडे. थंडी गोठवणारी. बाईंनी मला आपल्या कार्डिगनची बाही चिमटीत धरून दाखवली: "नाइटगाऊन असा नव्हता राहिला. पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. हलले की वाजायचा." पहाटे शेजारच्या छपरावरची हाक यायची थांबली. त्या घरात कोण राहत होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एकट्या हॅम्बुर्गमध्ये 315 माणसं गेली, त्यातली दोनशेच्या वर विल्हेल्म्सबुर्गची. सकाळी हेल्मुट श्मिट यांनी, तेव्हा शहराच्या सरकारात पोलिसखातं त्यांच्याकडे होतं, राज्यघटनेची परवानगी आहे का याची वाट न बघता सैन्य आणि नाटोची हेलिकॉप्टरं बोलावली. पुढे ते चान्सेलर झाले, पण बाईंच्या लेखी ते कायम 'हेलिकॉप्टरवाले'च. त्यांना छपरावरून हेलिकॉप्टरनेच उचललं होतं.

दुसऱ्या भागाच्या शेवटी बाई म्हणाल्या, "माझ्या मुलांना यातलं काही माहीत नाही." चव्वेचाळीस वर्षं! प्रेमाच्या त्रिकोणाबद्दल त्या एक अक्षर वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की त्या शुक्रवारी त्यांनाही एका मुलाबरोबर नाचायला जायचं होतं आणि वाऱ्यामुळे आईने सोडलं नाही.

पुढच्या वर्षी मी डीव्हीडी घेऊन पुण्याला आले आणि दादाला संवादांचं भाषांतर करत करत दाखवली. दादा सिव्हिल इंजिनिअर. तासाभरात उठला. म्हणाला, "मेलेल्यांचा अपमान आहे हा. बांध कसे फुटले ते दाखवायचं सोडून हिचं लग्न कोणाशी होणार ते बघत बसायचं?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता देते.

दादा, आपल्या आजीची पानशेतची गोष्ट आठव. 12 जुलै 1961, म्हणजे हॅम्बुर्गच्या सात महिने आधी. आजीने कधी एकदा तरी धरणापासून सुरुवात केली का? तिची गोष्ट नेहमी आत्याच्या रुखवतापासून सुरू व्हायची. माळ्यावर न ठेवता ते खालच्या ट्रंकेत ठेवलं, क्रोशाचा टेबलक्लॉथ गाळाने भरला, सात पाण्यांतून काढला तरी मधल्या फुलातली माती निघाली नाही. नारायण पेठेतलं घर गेलं ते नंतर यायचं, ओघात. धरण का फुटलं ते तुला पुस्तकात वाचता येतं, आणि तू वाचलंसही. पण पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना तो कोणाच्या तरी लग्नाच्या आधी नाहीतर नंतर आलेला असतो. हे ज्याला पटत नाही त्याने आजीलाही खोटं ठरवावं.

प्रश्न विचारणाऱ्यांसाठी थोडं राहिलं. नर्स, डॉक्टर, प्रियकर ही पात्रं काल्पनिक आहेत, त्यांच्यावरून इतिहास शिकू नका. दुसरा भाग लांबला आहे, आणि योगायोग जरा जास्तच जुळवलेत हे मलाही मान्य आहे. जर्मन येत नसेल तर सबटायटल्स असलेली प्रत शोधा. अभियांत्रिकीच्या बाजूने बघायचं असेल तर पुढचंही वाचा: जानेवारी 1976 मध्ये पाणी 1962 च्या 5.70 मीटरवरून 6.45 मीटरपर्यंत चढलं, तरी वाढवलेल्या बांधांमुळे शहर तसं बुडालं नाही. तो भाग दादाला आवडला असता.

तो टेबलक्लॉथ आत्याकडे अजून आहे. मधल्या फुलातला डाग तसाच आहे.