हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी आईचा हिस्सा विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, दोन भाऊ आणि तुम्ही. गावाकडे शेत, राहतं घर, बँकेत काही ठेवी. वर्षश्राद्धाच्या आत सगळं उरकून टाकू म्हणून भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागताहेत, 'तुझ्या लग्नात खर्च झालाच की' असं म्हणताहेत, आणि नाही म्हटलं तर माहेर तुटेल याची तुम्हाला धास्ती आहे.

मी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वकिली करते. वाटणीचे दावे हे आमचं रोजचं काम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मला एकच गोष्ट टोचली: आईला काय मिळणार, हे त्यात कुठेच नाही. भावांनी काय मागितलं ते आहे, तुम्हाला काय वाटतं ते आहे. आईचं फक्त नाव आहे. बहुतेक घरांत असंच होतं. भावाबहिणींचा वाद पेटतो आणि जिचा हिस्सा सगळ्यांच्या बरोबरीचा, तिच्याकडूनही त्याच कागदावर अंगठा किंवा सही घेतली जाते.

तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो असं धरून सांगते. १९५६ च्या या कायद्याप्रमाणे वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत बायको, मुलगे आणि मुली सारखे वाटेकरी. वडिलांची आई हयात असेल तर तीही. आजी नसेल तर तुमच्याकडे चार वारस, प्रत्येकाला एक चतुर्थांश. शेत वडिलोपार्जित असेल तर आधी वडील हयात आहेत असं समजून वाटणी मांडायची: वडील, आई आणि तुम्ही तिघं, म्हणजे पाच वाटे. मग वडिलांचा एक पंचमांश पुन्हा चौघांत. आकडेमोड करून बघा, यापूर्वी वाटणी झालेली नसेल तर उत्तर पुन्हा एक चतुर्थांशच येतं. म्हणजे 'वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित' या वादात तुमच्या घराने वेळ घालवायची गरजच नाही. मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार आहे हे ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने ठरलं, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनिता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. लग्नात झालेला खर्च या हिश्शातून वजा होत नाही. भावांच्या लग्नाचा खर्च कुणी वजा धरत नाही, तसाच तुमचाही नाही.

आईला मिळणारा हिस्सा पोटगीपुरता नसतो. कलम १४ प्रमाणे ती त्याची पूर्ण मालक होते. विकू शकते, मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकते. हा हिस्सा तिच्या नावावर राहणं म्हणजे पुढच्या आयुष्यात तिला औषधाच्या पैशासाठी सुनेकडे बघावं न लागणं. माझ्याकडे एक आजी यायच्या. नवरा गेल्यावर सगळं मुलांच्या नावे सोडून दिलं होतं, मुलींनीही आनंदाने सह्या केल्या होत्या. पुढे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत कार्यालयात निर्वाहभत्त्यासाठी अर्ज करावा लागला. भत्ता मंजूर झाला. पण स्वतःच्या घरात परक्यासारखं राहणं काही त्या आदेशाने थांबलं नाही. त्यांच्याकडे बघून मला फार वाईट वाटायचं, कारण हे सगळं टाळणं एक सही न करण्याइतकं सोपं होतं.

आता हक्कसोडपत्राचं. जमीन-घराचा हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, नुसता नोटरी केलेला कागद पुरत नाही. आणि एकदा नोंदवला की 'मला समजलं नव्हतं' म्हणून तो सहज रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव न्यायालयात सिद्ध करावा लागतो. म्हणून घाईत, कार्याच्या गडबडीत, कार्यालयाच्या दारात पहिल्यांदा वाचायला मिळालेल्या कागदावर सही करू नका. तुम्हाला मनापासून काही नको असेल तर तो तुमचा अधिकार आहे, त्यात कमीपणा नाही. मात्र हक्क कुणाच्या नावे सोडायचा हे तुम्ही ठरवू शकता. तो आईच्या नावे सोडता येतो. मला विचाराल तर, सोडायचाच असेल तर तिच्याच नावे सोडा.

त्याआधी वारस नोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा, महसूल खात्याच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवरही करता येतो. तो एकटा वारसही करू शकतो, भावांची वाट बघायला नको. फेरफाराची, म्हणजे नावबदलाच्या नोंदीची, नोटीस निघाली की चारही नावं आहेत ना ते स्वतः वाचा, आणि फेरफार मंजूर झाल्यावर सातबाऱ्यावरही बघा. नोटिशीत एखादं नाव गळलं असेल तर तिच्या मुदतीतच हरकत घ्या, नंतर अपिलात जावं लागतं. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे, हे भावांना शांतपणे सांगा. त्यांना बहुधा तीच भीती असते. ठेवींवर मोठ्या भावाचं नाव नॉमिनी म्हणून असेल तर बँक पैसे त्याला देईल, पण त्याने ते सगळ्या वारसांसाठी सांभाळायचे असतात. नॉमिनी मालक होत नाही.

भावांची बाजूही नीट ऐका. सगळे भाऊ लबाड नसतात. वडिलांचं दुखणं कुणी काढलं, रात्री दवाखान्यात कोण बसलं, विहिरीचं कर्ज कुणी फेडलं, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांना उत्तर मिळायला हवं. पण ते हिश्शाच्या वादात मिसळले की काहीच सुटत नाही. झालेला खर्च पावत्यांसह वेगळा मांडा, सगळ्यांना मान्य झालेली रक्कम ठेवींमधून आधी त्या भावाला द्या, आणि उरलेल्याचे वाटे करा. शेत आजवर कसणाऱ्या भावाकडेच राहावं आणि त्याने इतरांना पैशात भरपाई द्यावी, ठरलेल्या हप्त्यांत, असंही करता येतं. अशा वाटणीत मी वर्षानुवर्षं राखी बांधली जाताना पाहिली आहे. सगळे राजी असतील तर शेतजमिनीचं वाटप महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे करून मिळतं, दावा लावावा लागत नाही.

माहेर तुटेल का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. काही ठिकाणी तुटतं. सही करूनही तुटलेली माहेरं मी पाहिली आहेत. तुम्ही आईजवळ बसून, भाऊ समोर नसताना, तिला विचारा की तिला कुठे राहायचंय आणि स्वतःच्या नावावर काय हवंय. ते उत्तर घेऊन भावांशी बोला. 'माझा हिस्सा द्या' आणि 'आधी आईचं ठरवू' या दोन वाक्यांनी घरात वेगवेगळं बोलणं सुरू होतं.

बोलून जमलंच नाही तर थेट दाव्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तुम्हालाही आणि आईलाही. प्रकरण दाखलपूर्व म्हणून लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नसतं आणि कोर्ट फी लागत नाही. समितीचं कार्यालय बहुतेक न्यायालयाच्या आवारातच असतं. जाताना मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, घराचा उतारा आणि ठेवपावत्यांच्या प्रती बरोबर ठेवा, आणि जमलं तर आईला सोबत न्या.